शिरसवाडीचा नळ आणि माझा हातभार

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. गाव शिरसवाडी आणि माणूस मी. 'भोळा' हा शब्द माझ्या आईचा. गावात दुसरा शब्द चालतो, तो इथे लिहीत नाही.

माझं नाव विश्वंभर कोळेकर. मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. कशी घेतली ते विचारू नका, पण घेतली. मग कोल्हापूरला एका कंपनीत मुलाखतीला गेलो. साहेब स्वभावानं चांगले होते. त्यांनी मला पाच-सहा प्रश्न विचारले. मी पाच-सहा वेळा पाणी प्यायलो.

शेवटी ते म्हणाले, "असं करा, एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार लावा. मग या."

"म्हणजे काय करू, साहेब?"

"अहो, काही सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. नवख्या माणसांसाठी तिथे सोपी कामंसुद्धा ठेवलेली असतात. घाबरायचं नाही. दार उघडंच असतं, नुसतं आत जायचं."

मी म्हटलं, जातो.

घरी येऊन शोधाशोध केली आणि 'नळवार्ता' नावाचं ॲप सापडलं. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं, आणि ते कधी येणार हे पाणी सोडणाऱ्या माणसाला आणि देवाला माहीत. माणूस सांगत नाही आणि देवाला विचारायची सोय नाही. म्हणून हे ॲप. गावातला एक जण पाण्याची खबर काढून बटण दाबतो, आणि साऱ्या गावाला मेसेज जातो. सगळं फुकट. बनवणारे सगळे हौशी लोक, आपापल्या नोकऱ्या सांभाळून करणारे. त्यांच्या प्रमुख होत्या मृदुला केंजळे. कराडला राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या.

ॲपच्या पानावर लिहिलं होतं, 'हातभार लावायचाय? आपलं स्वागत आहे. केव्हाही या.' आणि खाली पत्ता.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं कराडला गेलो.

केंजळ्यांचं दार खरंच उघडं होतं. साहेब बोलले ते खोटं नव्हतं. मी नुसता आत गेलो.

आतून मृदुलाताई आल्या. हाताला पीठ लागलेलं. "कोण हो?"

"हातभार लावायला आलोय."

"आलात का एकदाचे! सकाळपासून वाट बघतेय. हे कपाट त्या खोलीत न्यायचंय. जपून हं, आरसा आहे."

मी कपाट नेलं. मग पलंग नेला. मग शिलाईमशीन नेलं. घाम फुटला, पण मनात म्हटलं, ओपन सोर्स वाटलं होतं तेवढं अवघड नाही. कॉलेजात उगाच घाबरवतात.

मी गॅलरीतली तुळस उचलत होतो, तेवढ्यात दारात एक दांडगा माणूस आला आणि म्हणाला, "बाई, कपाट हलवायचं होतं ना?"

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तुळस खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की मी नुकत्याच हलवलेल्या पलंगावर जाऊन बसल्या. मग मला जेवायला वाढलं आणि समजावलं, "अहो विश्वंभर, हे काम घरी बसून करायचं असतं. कॉम्प्युटरवर. आणि असं न सांगता कुठे शिरू नये. आधी आपली ओळख द्यायची, मग कामाला हात घालायचा. एवढं गाठीला बांधून ठेवा."

मी रुमाल काढला आणि त्याला एक गाठ मारली.

घरी आलो. नळवार्तेच्या पानावर कामांची यादी होती. एकेक काम, आणि त्याखाली त्यावर चाललेली चर्चा. कामाला हात घालण्याआधी ओळख द्यायची होती. कोणत्या कामाला हात घालीन हे अजून ठरलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक कामाखाली लिहिलं, 'नमस्कार. मी विश्वंभर कोळेकर, शिरसवाडी. घरी आई आणि एक म्हैस.'

त्या प्रोजेक्टमध्ये एकानं काही लिहिलं की बाकी सगळ्यांच्या फोनवर टुणटुण वाजतं, हे मला माहीत नव्हतं. नागपूरचा एक जण बारशाला गेला होता. पाळण्याचं गाणं चालू असताना त्याच्या खिशात माझी म्हैस वाजत राहिली. पुण्याच्या एका बाईंनी फोन तांदळाच्या डब्यात घालून ठेवला.

ताईंचा फोन आला. "विश्वंभर, किती वेळा तेच ते? एकदा बोललात ना, मग पुन्हा बोलायचं नाही. यादीत काही कामांवर हिरवी चिठ्ठी आहे, 'नवख्यांसाठी सोपं' अशी. त्यातलं एक घ्या. 'हे मी करतो' म्हणा आणि गप कामाला लागा. गाठीला बांधा."

मी दुसरी गाठ मारली.

हिरव्या चिठ्ठीचं एक काम घेतलं. काम सोपं होतं. ॲप मेसेज पाठवायचं, 'उद्या नळ येणार.' त्यावर एका शहरी माणसानं तक्रार केली होती, की नळ भिंतीतच असतो, येतं ते पाणी. तर तेवढ्या एका वाक्यात 'नळ' काढून 'पाणी' घालायचं. मी लिहिलं, 'हे मी करतो.'

खाली एकानं विचारलं, 'सुरू केलं का?'

मी गप्प. एकदा बोललो होतो.

दुसऱ्यानं विचारलं, 'काही अडचण आहे का? मदत करू का?'

अडचण होती. ते वाक्य कोडमध्ये कुठे आहे तेच मला सापडत नव्हतं. पण बोलायचं कसं? मी पडद्याकडे बघत बसायचो. तिसऱ्यानं विचारलं, 'भाऊ, तब्येत बरी आहे ना?' चौथ्यानं लिहिलं, 'त्यांच्या घरी आई आणि एक म्हैस असते, कुणाकडे नंबर आहे का?'

महिना उलटला. नंबर ताईंकडेच होता, त्यांनीच फोन केला.

"अहो, लोक विचारतायत तर उत्तर का देत नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, पुन्हा बोलायचं नाही."

ताई म्हणाल्या, "अडलं की विचारायचं. ते वाक्य कुठे आहे ते मी दाखवते. आणि हे बघा, सुधारणा अर्धवट करू नये. एका ठिकाणी चूक दिसली, की तीच चूक आणखी कुठे आहे का बघायचं आणि सगळीकडे सुधारायचं. गाठीला बांधा."

तिसरी गाठ.

सगळीकडे सुधारायला फार वेळ लागला नाही. कॉम्प्युटरला सांगितलं, 'नळ' दिसेल तिथे 'पाणी' कर. त्यानं केलं. तो माझ्यासारखाच आहे, सांगितलं तेवढं करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपचं नाव 'पाणीवार्ता' झालं होतं. नळदुर्गच्या लोकांना मेसेज गेला, 'पाणीदुर्गकरांनो, उद्या पाणी येणार.' कुठल्याशा गावातल्या नळ-दमयंती सोसायटीची 'पाणी-दमयंती सोसायटी' झाली. तिथले सेक्रेटरी निवृत्त मामलेदार होते. त्यांनी ताईंना फोन करून विचारलं, "बाई, राजा कुठे गेला?"

ताईंनी सगळं निस्तरलं. मग मला फोन केला. आवाज थकला होता, पण चिडल्या नाहीत. हेच तर त्या बाईंचं मोठेपण आणि माझं दुर्दैव. पहिल्याच दिवशी हाकलून दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

"हे बघा विश्वंभर, चूक माझीही आहे. तो बदल कुणी न बघता पुढे जायलाच नको होता. इथून पुढे नियम. कुठलाही बदल असो, त्यावर दोघांची नजर पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोघांनी 'हो' म्हटलं तरच करायचं. गाठीला बांधा."

मी गाठ मारत होतो तेव्हा आई म्हैस बांधून आत आली. "आता काय सांगितलं त्या बाईनं?"

"माझ्या कामाला दोघांची नजर लागली पाहिजे म्हणाल्या."

"लागली पाहिजे?" आई खाली बसली. "कुठली बाई म्हणायची ही? लोकं नजर लागू नये म्हणून जपत्यात!"

"नियमच आहे, आई."

आता आमच्या आळीत नजरेच्या बाबतीत महादबा मगदुमांचा हात कुणी धरत नाही. ते 'काय झाड लागलंय!' म्हणाले की झाड वाळतं. म्हणून लोक त्यांना दुरून रामराम करतात. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर त्याच एका वाक्याची नवी दुरुस्ती होती. दुसऱ्या नजरेसाठी शेजारच्या सखूमावशीला बोलावलं. तिला एका डोळ्यानं कमी दिसतं, पण नियमात डोळे मोजायला सांगितलं नव्हतं.

महादबांना फार बरं वाटलं. त्यांना असं मुद्दाम कुणी बोलावत नाही. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "वा! काय मशीन आहे!"

कॉम्प्युटर बंद पडला.

आईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं आम्ही चौघं खोकत अंगणात आलो. धूर निवल्यावर कॉम्प्युटर चालू झाला. लाइट आली होती म्हणून असेल. आई तसं मानत नाही.

मी ताईंना कळवलं, "नजर लागली, दोघं 'हो' म्हणाले, दृष्टही काढली."

"विश्वंभर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला हे काम खरंच करायचंय का हो?"

"करायचंय, ताई." मी रुमालाच्या गाठी चाचपल्या. "गावात मला कुणी काम सांगत नाही. तुम्ही सांगता."

त्याच आठवड्यात त्यांनी मला शिरसवाडीचा वार्ताहर केलं. म्हणजे पाणी कधी येणार ते विचारायचं आणि बटण दाबायचं. त्यांना वाटलं असेल, याहून सोपं काम जगात नाही. शिवाय मेसेजमध्ये पाण्याची वेळ घालायचं एक हिरव्या चिठ्ठीचं काम मला दिलं. या खेपेला प्रत्येक ओळ त्यांनी स्वतः तपासली.

"आता फक्त चाचणी घ्या," त्या म्हणाल्या. "चाचणी घेतल्याशिवाय काहीच खरं धरायचं नाही. आधी थोडं करून बघायचं, जमलं की पूर्ण करायचं. आणि चाचणीचा मेसेज चाचणीपूरला पाठवायचा. गाठीला बांधा."

रुमालाला आता टोकं उरली नव्हती. मी गाठीवर गाठ मारली.

चाचणीपूर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं. तिथल्या माणसानं सगळी पाटी वाचली आणि म्हणाला, "अशा नावाचं गाव आपल्या विभागात नाही. कुणी सांगितलं?"

"कराडच्या बाईंनी."

"मग तिकडं सातारा विभागात असंल."

पुढे कळलं, की ते गाव नुसतं ॲपमध्ये होतं. चाचणीसाठी मुद्दाम केलेलं, बिनमाणसांचं. पण ते पुढे. त्या वेळी मी विचार केला. जे गाव एसटीला सापडत नाही तिथे मेसेज तरी कसा पोचणार? आणि पोचला की नाही हे मला कोण सांगणार? त्यापेक्षा आपलं गाव बरं. डोळ्यांपुढं आहे.

मी शिरसवाडी निवडली आणि बटण दाबलं. 'आज सकाळी दहा वाजता पाणी येणार.'

मेसेज झकास गेला. वेळसुद्धा बरोबर दिसत होती. मला इतका आनंद झाला, की मी चहा करून प्यायलो.

बाहेर आलो तर गल्लीत पाटच वाहत होता. आमच्याकडे ताजं पाणी येणार म्हटलं की साठवलेलं शिळं पाणी कुणी ठेवत नाही. लोक पिंपं उपडी करत होते, हौद खराट्यानं घासत होते. बायकांनी गोधड्या, सतरंज्या, साड्या भिजवून साबण लावून ठेवल्या होत्या. समोरच्या घरी तर दोन दिवसांवर साखरपुडा. त्यांनी घरातलं हाताला लागेल ते धुवायला काढलं होतं.

दहा वाजले. नळांनी नुसती हवा सोडली.

साडेदहा झाले. लोक कळश्या घेऊन नळापाशी उभे. मी सखूमावशीच्या दारावरून गेलो. तिचा एकच माठ होता, तोही तिनं ओतून धुऊन पालथा घातला होता. ती पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "विसू, तुझा मेसेज आला म्हणून ओतलं बाबा. येतंय ना रं पाणी?"

मी पळत घरी आलो आणि ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

ताई शाळेत होत्या. मागे घंटा वाजत होती. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अरे देवा! बरं, घाबरू नका. मेसेज एक सांगतो आणि गावात दुसरंच घडतं, असं एक मिनिटही राहता कामा नये. दोन्ही जुळलं पाहिजे. दुरुस्ती करा, ताबडतोब. माझा तास आहे, मी नंतर फोन करते."

फोन बंद झाला. मी विचार केला. मेसेज म्हणत होता पाणी येणार. गावात पाणी येत नव्हतं. मेसेज तर ताईंनी स्वतः तपासलेला, ओळ न् ओळ. त्यात चूक असणं शक्यच नाही.

म्हणजे चूक गावात होती.

मी टाकीकडे धावलो. पाणी सोडणारा पांडबा तिथे नव्हता. व्हॉल्व्हची मोठी चावी खिळ्याला टांगलेली होती. पण मी काही आता पूर्वीचा विश्वंभर नव्हतो. न विचारता कशाला हात लावणार नव्हतो. माझ्यामागून आळीतली माणसं आलीच होती. मी आधी ओळख दिली, "नमस्कार, मी विश्वंभर कोळेकर." ते म्हणाले, "माहीताय, पुढं बोल." मी महादबांना विचारलं, "पाणी सोडू का?" ते म्हणाले, "सोड!" मी सखूमावशीला विचारलं. ती म्हणाली, "सोड की रं लेकरा!" झालं दोघांचं 'हो'. मग मी चाचणी घेतली. चावी थोडी फिरवली. नळीत खळखळ ऐकू आली. जमलं. मग पूर्ण फिरवली. आणि एकाच ठिकाणी अर्धवट सुधारणा करू नये म्हणून चारही आळ्यांचे व्हॉल्व्ह उघडले.

गावभर आरोळी उठली, "आलं, आलं!" असं पाणी शिरसवाडीनं कधी बघितलं नव्हतं. सगळ्या आळ्यांना एकदम. लोक मला शाबासकी देत होते. महादबांनी माझ्याकडे बघून काहीतरी कौतुकाचं बोलायला तोंड उघडलं, आणि मी चटकन बाजूला झालो.

तेवढ्यात सायकल आडवी टाकून पांडबा पळत आला. खांद्यावर टाकी घासायचे दोन नवे ब्रश. "आरं, कुणी सोडलं पाणी? टाकी धुवायला काढलीया! भरल्या टाकीत चार बादल्या ब्लीचिंग पावडर कालवून ठेवलीया!"

नशीब एवढंच, की वास इतका उग्र होता, की ते पाणी कुणी तोंडाला लावलं नाही. पण कपडे भिजलेले होतेच. साबण लावलेलेच होते. सगळ्या गावानं ते त्या पाण्यात मनसोक्त खळबळले.

थोड्या वेळानं गल्लीगल्लीत दोऱ्यांवर कपडे वाळत पडले. लाल गोधड्या पांढऱ्या. निळ्या सतरंज्या पांढऱ्या. आईचं मामानं भाऊबीजेला दिलेलं हिरवंगार लुगडं पांढरं. साखरपुड्याच्या घरी नवरीची आई जांभळा शालू धुवायला घेऊन बसली होती, ती आता हातात एक पांढरं कापड धरून तेच कुठल्या रंगाचं होतं ते शेजारणीला सांगत होती. आणि टाकी रिकामी. सगळं गाव काठ्या, कळश्या आणि कपडे धुवायच्या धोपाटण्यांसकट आमच्या घराकडे निघालं होतं.

मी आतून कडी लावली. तेवढ्यात फोन वाजला. ताईंचा तास संपला होता.

"विश्वंभर, केलीत का दुरुस्ती?"

"केली, ताई."

"शाबास! बघा, जमतं की नाही? काय लिहिलंत मग नव्या मेसेजमध्ये?"

"मेसेजला मी हातसुद्धा लावला नाही, ताई," मी म्हटलं. दारावर आता थापा पडायला लागल्या होत्या. "तो बरोबरच होता. मी गाव दुरुस्त केलं."